तिसऱ्या नंबराचं कौतुक

ऑक्टोबर लागला की माझी कामांची यादी लांबते. गाद्या उन्हात टाकायच्या, छत्र्या कोरड्या करून माळ्यावर ठेवायच्या, कपाटामागची बुरशी खरवडायची, टाकी धुणाऱ्याला फोन करायचा. मी याद्या करणारी बाई आहे. दिवसा एका कंपनीचं ॲडमिन बघते, उरलेल्या वेळात घर आणि वडील बघते, आणि दोन्हीकडची कामं कागदावर उतरली नाहीत तर मला स्वस्थता नसते. काम झालं की त्यावर रेघ मारायची. पुष्कळ वर्षं माझं समाधान या रेघांमध्ये होतं.

पाऊस सुरू होतानाच्या वासाचं सगळ्यांना कौतुक असतं. मला तो संपतानाचा वास जास्त ओळखीचा आहे. चार महिने भिजलेली माती वाळायला लागली की आधी आंबूस वास येतो, मग थोडा लोखंडासारखा, आणि शेवटी भाजलेल्या मडक्यासारखा. मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे आता टर्फ झालंय. हिरवी प्लास्टिकची जमीन, चारी बाजूंनी जाळी, तासावर भाडं. संध्याकाळी कॉलेजची मुलं तिथे फुटबॉलच्या सरावाला येतात. त्या जमिनीला कसलाच वास नाही. पण तिच्या कडेला कुणीतरी खणून तसाच ठेवलेला एक चर आहे, त्याची माती ऑक्टोबरात वाळते आणि वास थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. दरवर्षी तो आला की मी हातातलं काम ठेवून दोन मिनिटं खिडकीत उभी राहायचे. यंदा मी खिडकी लावून घेतली.

हा वास माझ्यासाठी बुटांचा आहे. बाबा भांडुपच्या एका कॉलेजात जिमखान्याचे सर होते. त्या काळी जिमखान्याचा सर म्हणजे एका खोलीचा मालक. खोलीत कॅरम, बुद्धिबळाचे निम्मे मोहरे, एक कुलूपबंद कपाट आणि फुटबॉलचे बूट. पावसाळ्यात ती खोली गळायची, म्हणून बूट आमच्या घरी यायचे. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात गॅलरीभर बूट. आई त्यांत जुने पेपर कोंबायची. दुसऱ्या दिवशी ओले बोळे काढायचे आणि कोरडे भरायचे, हे काम माझं. मी तेव्हा अकरावीत होते. बूट सगळ्यांना पुरत नसत. दोघांत एक जोड असायची आणि मध्यंतरात अदलाबदल व्हायची, त्यामुळे एकाच्या मापाचे बूट दुसऱ्याच्या पायात पसरून पसरून कुणाच्याच मापाचे राहिले नव्हते.

भांडुपच्या त्या मुलांपैकी बहुतेकांची घरं डोंगरावर होती, बहुतेकांची गावं कोकणात आणि बहुतेकांचे वडील गिरणीत होते. होते म्हणजे एकेकाळी होते. गिरण्या बंद पडून काही वर्षं झाली होती. कुणाचे वडील वॉचमन झाले होते, कुणाचे भाजी विकत होते, कुणाचे नुसतेच घरी बसून पेपर वाचत होते. मुलं मात्र मैदानावर आली की आरडाओरडा. चिखल घोट्यापर्यंत, चेंडू भिजून दगडासारखा, आणि कडेला छत्री धरून उभे असलेले बाबा. ते ओरडत नसत. एखादा फार चुकला तर छत्री मिटायचे. एवढंच. पोरं म्हणायची, सरांनी छत्री मिटली, आता वाट लागली.

त्या वर्षी पावसाने फार पिडलं. उपनगरातल्या सात कॉलेजांनी एकमेकांशी खेळायचं ठरलं होतं, पण मैदानांची तळी झाली आणि निम्म्याहून जास्त सामने बुडाले. कोण पहिला, कोण दुसरा ठरवायचं कसं? तेव्हा आमच्याकडे एक स्थानिक साप्ताहिक निघायचं, नळाच्या वेळापत्रकापासून लग्नाच्या जाहिरातीपर्यंत सगळं त्यात असायचं. त्याच्या संपादकांना खेळाची हौस होती. त्यांच्या हाती रद्दीत एक जुनं अमेरिकन मासिक लागलं आणि त्यातून त्यांनी ही भानगड उचलली. तिकडे, गेल्या शतकाच्या मध्यावर, कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे क्रमांक चक्क मतं घेऊन लावत. तिकडचा फुटबॉल बराचसा हाताने खेळतात हे संपादकांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मी नंतर याबद्दल जमेल तसं वाचलं. क्रम लावायच्या कुठल्याही पद्धतीची मला ओढ आहे. तिकडे कॉलेजं इतकी, देश एवढा, की सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नव्हतं. मग दर आठवड्याला वर्तमानपत्रांचे वार्ताहर आपापली यादी पाठवत. पहिल्याला सगळ्यात जास्त गुण, मग उतरते, आणि सगळ्या याद्यांची बेरीज. पुढे प्रशिक्षकांचीही वेगळी यादी निघू लागली. एखाद्या वर्षी दोन याद्यांचे दोन वेगळे पहिले निघत आणि दोन्हीकडे मिरवणुका. ज्याने संघ पाहिलेलाही नाही तोही त्याला नंबर देत असे, कारण एवढे संघ एक माणूस पाहणार कधी? मोठ्या नावाच्या कॉलेजला नावाचेच गुण मिळत. आणि मला सर्वांत चमत्कारिक वाटलं ते हे की बरीच वर्षं शेवटची यादी नव्या वर्षातल्या मोठ्या सामन्यांच्या आधीच लागायची. पहिला म्हणून जाहीर झालेला संघ त्या सामन्यात हरला तरी पहिला तो पहिलाच. मैदानावरच्या निकालापेक्षा मत मोठं.

संपादकांनी आमच्याकडे वार्ताहर नसल्यामुळे सातही संघांच्या सरांनाच मत दिलं. प्रत्येकाने सातही संघ क्रमाने लिहायचे, स्वतःचा धरून. पहिल्याला सात गुण, शेवटच्याला एक. बेरजेत पहिले दोन येतील त्यांचा नवरात्रानंतर घाटकोपरच्या चांगल्या मैदानावर एक सामना. आणि तो सामना बघायला एका मोठ्या कारखान्याची माणसं येणार होती. कारखान्याचा स्वतःचा फुटबॉल संघ होता, त्यात ज्याला घेतील त्याला नोकरीही मिळणार होती. गिरणी बंद पडलेल्या घरात या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मला तेव्हा कळत होतं असं मी समजत होते.

अंधेरी, बोरिवली, कांदिवलीचे सर पश्चिमेच्या लाइनीवरचे. त्यांना आमची लाइन म्हणजे परगाव. अंधेरीच्या सरांनी एकदा बाबांना विचारलं होतं, "भांडुपला ग्राउंड आहे?" बाबांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "तुम्ही काय बोललात?" बाबा म्हणाले, "म्हटलं, आहे थोडंसं."

आहे थोडंसं. आमच्या घरात सगळं आहे थोडंसं असायचं. मला बोर्डात चांगले मार्क पडले तेव्हा बाबा शेजाऱ्यांना म्हणाले, "ठीक आहेत." चाळीच्या अंगणात मुलांची क्रिकेटची मॅच असली आणि बाबा अंपायर असले की मी खेळायला जाण्यात अर्थ नसायचा. चेंडू पायाला कुठेही लागो, बाबांचं बोट वर. मुलं चिडवायची, "मीनू, तू पॅड बांधूच नको गं, तू घरूनच आउट होऊन आलीयेस." मी रडत घरी यायचे आणि रडता रडता मला अभिमान वाटायचा. आपले बाबा आपल्यालाही सोडत नाहीत. दुसऱ्यांचे बाबा कसे आपापल्या पोरांना दोनदा दोनदा बॅटिंग देतात.

विलास परब त्या संघाचा लेफ्ट आउट होता. म्हणजे डाव्या कडेने चेंडू घेऊन धावणारा. उंचीने बेताचा, मान किंचित वाकडी. चिखलात इतर मुलं पाय उचलून उचलून टाकायची, हा पाय उचलायचाच नाही, जमिनीशी सरकवायचा, जणू खाली चिखल नसून फरशी आहे. मी बाबांबरोबर दोन-तीन सामने पाहिले त्यांत मला एवढं एकच नीट आठवतं. मुलुंडच्या आमच्याच लाइनीतल्या कॉलेजला त्यांनी हरवलं, घाटकोपरला हरवलं. अंधेरी आणि कांदिवलीशी त्यांचे सामने झालेच नाहीत, दोन्ही वेळा मैदान पाण्याखाली.

मत द्यायच्या आधल्या आठवड्यात विलासची आई आमच्याकडे आली. दुपारची वेळ, बाबा जेवून पेपर वाचत होते. तिने दारातच चपला काढल्या आणि हातातली आमसुलांची पिशवी खाली ठेवली. गावाहून आलेली, घरची. "सर," ती म्हणाली, "माझ्या झिलाक वायंच बघा. ह्या नोकरीचा कायतरी झाला तर बरा होतला."

बाबा एकदम ताठ झाले. "अहो, मी काय बघणार? मुलं खेळतील तसं होईल."

"तां खरांच," ती म्हणाली. "पण तुमी सर."

आईने चहा टाकला, तिने तो घेतला, आणि निघताना बाबांनी आमसुलांची पिशवी तिच्या हातात परत दिली. आईने मागून खूण केली, राहू द्या. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिने पिशवी छातीशी धरली. "आंबाट नाय आसत, सर," एवढंच म्हणाली, म्हणजे आंबट आहेत म्हणून परत करताय असं तिला वाटलं की काय, मला आजही कळलेलं नाही. आमसूल आंबट नसेल तर ते कशाचं?

त्या संध्याकाळी आई बाबांशी बोलली नाही. मी मात्र बाबांच्या बाजूने होते. लाच ती लाच, मग आमसुलं का असेनात, असं मी आईला ऐकवलंही. आई म्हणाली, "तू गप गं. मोठी आलीय."

अखेर मतं साप्ताहिकात कुणी कुणाला काय दिलं त्यासकट छापून आली. सातांपैकी सहा सरांनी आपापला संघ पहिला लिहिला होता. त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं, सगळ्यांनी लिहिलं म्हणजे ते सगळ्यांचं फिटलं. एकट्या बाबांनी लिहिलं होतं: अंधेरी, कांदिवली आणि मग भांडुप. बेरजेत भांडुपचा संघ तिसरा आला, कांदिवलीच्या मागे एका गुणाने. बाबांनी आपल्या मुलांना पहिलं लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते पहिली-दुसरीतलं मूल बोटांवर सांगेल. घाटकोपरचा सामना अंधेरी आणि कांदिवलीत झाला.

आणि संपादकांनी बाबांवर एक चौकट लिहिली. आजच्या काळात असा निःपक्षपाती गुरू विरळा, वगैरे. आईने ती वाचून पेपर बाजूला ठेवला. मी मात्र ती चाळीत प्रत्येक घरी नेली. वाचून दाखवली. माझा आवाज चांगला आहे, पुढे मी सूत्रसंचालन करू लागले त्याची सुरुवात बहुतेक तिथेच झाली.

दोन दिवसांनी मुलं जर्सी परत करायला घरी आली. धुऊन, इस्त्री करून, नंबर वर येईल अशा घड्या घालून. आईने पोहे केले होते. सगळे खाली मान घालून खात होते. विलासने बशी हातात घेतली, थोड्या वेळाने तशीच कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाला, "येतो सर." मला वाटलं, किती आदर आहे यांना बाबांबद्दल. समोर मान वर करून खातसुद्धा नाहीत.

ती चौकट मी आयुष्यभर वापरली. हे लिहिताना बोट अडखळतं, पण दुसरा शब्द नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, तुमचा आदर्श कोण, तेव्हा सांगितली. लग्नानंतर सासरी, आमच्याकडचे संस्कार कसे, हे सांगायला सांगितली. ऑफिसात दरवर्षी कर्मचाऱ्यांचे क्रम लावायची वेळ येते तेव्हा नव्या साहेबांना मी हीच गोष्ट सांगते. माझ्या वडिलांनी स्वतःच्या संघाला तिसरा नंबर दिला होता. समोरचा माणूस भुवया उंचावतो, मान डोलावतो. माझी उंची थोडी वाढते. गोष्टीत मी पाऊस घातला, चिखल घातला, छत्री घातली. आमसुलंसुद्धा घातली. आमसुलांना लोक फार दाद देतात.

आमच्यासारख्या घरांत स्वतःला मागे ठेवायचं शिकवतात. वाढताना स्वतःचं ताट शेवटी, फोटोत कडेला, बढतीसाठी स्वतः तोंड उघडायचं नाही. मी तसंच केलं आणि त्याची किंमत मीच भरली, त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. पण बाबा मागे सरले तेव्हा त्यांच्या मागे अकरा मुलं उभी होती. ते सरले म्हणून ती ढकलली गेली. बाबांची नोकरी जिथे होती तिथेच राहिली, वर चौकट मिळाली. हे मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि तेही माझं मला कळलं नाही.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार होता. मी सेक्रेटरी, त्यामुळे सगळी आखणी माझी. कुणी कुणाला शाल द्यायची, कुणी किती वेळ बोलायचं, नाश्ता कधी उघडायचा. सकाळीच ऊन तापलं होतं. खुर्च्या आणि पुढच्या रांगेचे सोफे भाड्याने आणले होते, ते घेऊन आलेला माणूस टेम्पो फाटकाशी लावून मागे भिंतीला टेकून उभा होता. बाबा आता ऐंशी पार आहेत. डाव्या कानाने ऐकू येतं, उजव्याने नाही. त्यांच्या खांद्यावर शाल पडली आणि मी माइक घेतला. बाबांबद्दल काय सांगायचं याचा मला विचार करावा लागला नाही. तिसऱ्या नंबराची गोष्ट सांगितली. उपनगरातली सात कॉलेजं, अमेरिकेतून आलेली मतांची पद्धत, सहा सरांनी काय केलं आणि सातव्याने काय केलं. टाळ्या चांगल्या पडल्या. आमसुलांना हशाही आला.

लोक उपम्याकडे वळले तसा तो खुर्च्यांचा माणूस दोन्ही हातांत चार चार घडीच्या खुर्च्या अडकवून माझ्यापाशी येऊन थांबला.

"तुम्ही सरांच्या मीनू ना?"

मी म्हटलं, "खुर्च्या आत्ताच नका नेऊ, लोक अजून बसतील."

"खुर्च्यांचं नाही. तुम्ही आता माइकवर बोललात ना, त्या तिसऱ्या नंबरातला मी." त्याने मान किंचित वाकडी केली. "विलास परब. लेफ्ट आउट."

आमसुलांवर हसलेला घोळका अजून दोन हातांवर उपमा खात उभा होता.

"छान सांगता तुम्ही," विलास म्हणाला. "लोकांनी टाळ्या मारल्या. मी पण मारणार होतो, पण हातात खुर्च्या होत्या."

तो टोमणा होता की साधं बोलणं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मी विचारलं, "तुमची आई?"

"गेली. चार-पाच वर्षं झाली."

"विलासदादा," मी म्हटलं. दादा आपोआप आलं, कधीकाळी मी त्याला तसंच म्हणत असणार. "तुम्हाला तेव्हा फार राग आला असेल."

"आला ना. पोरं तर लय पेटली होती. बोलली, सरांच्या दारात बूट टाकून येऊ." तो हसला. "पण मी नंतर विचार केला ताई. अंधेरीवाल्याने आम्हाला पाचवं टाकलं, त्याचं मला काय नाय वाटलं. त्याने आम्हाला बघितलंच नव्हतं. सर रोज बघायचे. सरांएवढा खेळ आपल्याकडे कोणाला कळत होता? ते बोलले तिसरे, म्हणजे तिसरेच असणार."

त्याने हातातल्या खुर्च्यांची पकड बदलली.

"पुढच्या वर्षी त्याच कारखान्याने खुली ट्रायल ठेवली होती. कोणी पण या. पोरं बोलली, चल रे परब, तुझं काम होईल. मी नाय गेलो. म्हटलं, आपला सरच तिसरं बोलतो, तर उगाच जाऊन हसं कशाला करून घ्या? आमच्यातला गोलकीपर गेला. लागला तो. मागच्या वर्षी रिटायर झाला." त्याने खुर्च्या खाली ठेवल्या. "माझं पण बरं चाललंय. दोन टेम्पो आहेत. तसं काय नाय. फक्त सरांना एक विचारायचं होतं. विचारू? त्यांना त्रास नाय ना होणार?"

मला नाही म्हणायचं होतं. बाबा थकलेत, त्यांना ऐकू येत नाही, पुन्हा कधीतरी या, अशी वाक्यं माझ्याकडे तयार असतात. पण त्याने फक्त माझ्या तोंडची गोष्ट ऐकली होती, आणि खरी ज्यांच्याकडे होती ते वीस पावलांवर सोफ्यावर बसले होते. मी त्याला घेऊन गेले.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "परब. डावा पाय."

विलास वाकून पाया पडला आणि तसाच त्यांच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. "सर, एक विचारायचं होतं. आम्ही खरंच तिसरे होतो काय?"

बाबांना नीट ऐकू आलं नाही. त्याला तेच मोठ्याने विचारावं लागलं, आणि उपम्याच्या बशा धरलेली चार-पाच माणसं वळून बघू लागली.

बाबांनी खांद्यावरची शाल सारखी केली. मला वाटलं, विसरले. मग म्हणाले, "नाही."

"मग?"

"पहिले होतात. अंधेरीचा खेळ मी मुद्दाम जाऊन पाहिला होता. त्यांच्याकडे तुझ्यासारखी डावी बाजू नव्हती. कांदिवली तर काहीच नव्हतं."

विलास हसला नाही, त्याच्या चेहऱ्यावर आनंदही दिसला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे.

"मग लिहायचं होतंत ना, सर."

"अरे, आपणच आपल्या मुलांना पहिलं लिहायचं..." बाबांचा हात शालीच्या काठाशी चाळा करत होता. "तुझी आई येऊन गेली होती त्यात. कसं दिसलं असतं ते?"

"कोणाला?"

त्याने हे भांडून विचारलं नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कोणाला दिसलं असतं? संपादक कधीच गेले, साप्ताहिक बंद पडलं, अंधेरीच्या सरांचं नावही आता कुणाला आठवत नाही. बाबा उत्तर शोधत होते आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते. पेपर आला की आधी आपल्या बाबांचं नाव शोधणारी, घरोघर चौकट वाचणारी मुलगी. ज्यांना दिसलं असतं त्यांत पहिला नंबर माझा होता.

बाबांनी शाल खांद्यावरून काढली. काठ सोफ्याच्या फटीत अडकला, मी सोडवला. ती त्यांनी विलासच्या अंगावर टाकायला पुढे केली.

विलासने ती मधेच धरली आणि घडी घालून बाबांच्या मांडीवर ठेवली. "राहू दे सर. उकडतंय." मग उठला, गुडघे झाडले. "येतो. बारा वाजता भांडुपला साखरपुडा आहे, ह्याच खुर्च्या तिथे द्यायच्यात."

तो भराभर रांगा मोडू लागला. लोकांनी बशा घेऊन बाजूला व्हायला सुरुवात केली. कुणीतरी मला माइकवरून आभार मानायला बोलावत होतं, माझ्या कार्यक्रमपत्रिकेत तेच पुढचं होतं. मी गेले नाही. मी दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या मिटायला घेतल्या. त्या लोखंडी होत्या, उन्हाने तापलेल्या. चार एका हातात पेलल्या नाहीत, म्हणून दोन दोन घेतल्या आणि टेम्पोपर्यंत नेल्या. मॅडम, तुम्ही कशाला, द्या इकडे, असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं, नेहमी म्हणतात. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पोत चढून हात पुढे केला. मी खुर्च्या वर दिल्या. तो रचत गेला. मी पुन्हा मागे जाऊन पुढच्या दोन घेऊन आले.